संगणकाचा ठोका वाढवताना

सुटे भाग आणून घरीच संगणक जोडणारी मुले आता गावोगाव भेटतात. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट अशी खरेदी करायची, एखादा रविवार त्यात घालवायचा आणि संध्याकाळी पडद्यावर पहिली अक्षरे उमटली की घरभर सांगत सुटायचे. हा आनंद मीही घेतलेला आहे. पण त्यानंतर आठ-पंधरा दिवसांतच एक प्रश्न हमखास येतो. आमच्या महाविद्यालयातील अकरावीचा एक विद्यार्थी परवा तोच प्रश्न घेऊन आला. "सर, माझा प्रोसेसर ४ गिगाहर्ट्‌झचा आहे. बायॉसमध्ये आकडा बदलला की तो साडेचारवर चालतो म्हणे. मग कंपनीने तो साडेचारचा म्हणूनच का नाही विकला? आणि मी आकडा बदलला तर तो जळेल का?"

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. पहिल्याचे उत्तर नीट समजले की दुसऱ्याचे बरेचसे आपोआप मिळते, म्हणून क्रमाने जाऊ. नेमून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर अधिक वेगाने चालवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. या शब्दात क्लॉक, म्हणजे घड्याळ आहे. तेव्हा आधी हे घड्याळ काय काम करते ते पाहू या.

घमेली आणि मुकादम

घराचा स्लॅब पडताना तुम्ही पाहिला असेल. खाली काँक्रीट कालवले जाते आणि ते वरपर्यंत नेण्यासाठी शिडीवर माणसांची रांग उभी असते. घमेले एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते. मुकादम एका लयीत आरोळी देतो आणि प्रत्येक आरोळीला रांगेतला प्रत्येकजण आपले घमेले वर देतो व खालचे घेतो. आरोळी जितकी जलद, तितके काम जलद. पण किती जलद? रांगेतला सर्वांत सावकाश माणूस झेपवील तितकीच. त्याचे हात अजून रिकामे झालेले नसताना पुढची आरोळी आली, तर घमेले खाली आले म्हणून समजा. बाकीचे कितीही चपळ असोत, त्यांचा उपयोग नाही.

प्रोसेसरमध्ये आज अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांच्या अशाच असंख्य रांगा असतात. मुकादमाचे काम घड्याळाचा ठोका करतो. क्वार्ट्‌झच्या स्फटिकाच्या स्थिर कंपनांवरून तो तयार होतो. ४ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोके, म्हणजेच दोन ठोक्यांत अंतर अवघे ०.२५ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा निर्वातात फक्त साडेसात सेंटिमीटर जातो. साधारण तुमच्या तळहाताच्या रुंदीएवढा! तेवढ्यात ट्रान्झिस्टरांच्या एका मागोमाग एक अशा अनेक पायऱ्या पार करून उत्तर पुढच्या टप्प्यावर पोहोचायला हवे.

ट्रान्झिस्टरला वेळ का लागतो? त्याचे प्रवेशद्वार आणि त्याला जोडलेली तार मिळून एक चिमुकले धारित्र होते. ०ची १ करायची म्हणजे हे धारित्र भारित करायचे आणि १चे ० करायचे म्हणजे ते रिकामे करायचे. बारावीच्या पुस्तकात धारित्र आणि रोध यांचे जे परिपथ तुम्ही पाहाल, तेच येथे आहेत. विद्युतदाब वाढवला की ट्रान्झिस्टरमधून अधिक प्रवाह वाहतो आणि धारित्र लवकर भरते. उलट चिप तापली की सिलिकॉनमधील प्रभारवाहकांची गतिक्षमता कमी होते व सर्वसाधारणपणे काम मंदावते. हे दोन परिणाम लक्षात ठेवा, पुढे त्यांची गरज लागणार आहे.

कंपनी हात राखून का विकते

एकाच चकतीवर घडवलेल्या चिपा हुबेहूब सारख्या नसतात. कुठे थर किंचित जाड, कुठे बारीक. त्यामुळे प्रत्येक चिप तपासून तिच्या कुवतीप्रमाणे तिच्यावर वेगाचा शिक्का मारतात. शिक्का मारताना कारखान्याला हे ठाऊक नसते की ही चिप महाबळेश्वरच्या थंडीत चालणार आहे की चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, तिच्यावर चांगला पंखा असणार आहे की धुळीने भरलेला, तिला मिळणारा वीजपुरवठा नेटका आहे की चढउतारांचा. शिवाय ती काही वर्षांनंतरही त्याच वेगाने चालायला हवी. म्हणून कंपनी थोडा हात राखून आकडा सांगते. ओव्हरक्लॉकिंग करणारा या राखून ठेवलेल्या भागावर हात मारतो. तो भाग फुकट मिळालेला नसतो. उन्हाळा, धूळ आणि म्हातारपण यांच्यासाठीची ती शिल्लक असते.

ही शिल्लक कधी कधी फार मोठी असे. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर आणला. ३०० मेगाहर्ट्‌झचा, स्वस्तातला. मदरबोर्डचा मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्‌झ आणि त्याला साडेचारने गुणून ३०० मिळत. गुणक कुलूपबंद होता. पण मूळ ठोका १०० केला की तोच प्रोसेसर ४५० वर चाले. आश्चर्य म्हणजे अनेक नग विनातक्रार चालत. दीडपट वेग, एक पैसाही न देता! जगभरच्या विद्यार्थ्यांना या प्रोसेसरने वेड लावले, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत सुट्या भागांसाठी हिंडणारा मीही त्यांतलाच एक. त्याची गोष्ट पुढे सांगतो.

आज दीडपटीची गोष्ट विसरा. आजचा प्रोसेसर स्वतःच आपले तापमान आणि वीजखर्च क्षणोक्षणी मोजतो आणि जागा दिसली की वेग आपणहून वाढवतो. म्हणजे शिलकीतला बराचसा वाटा कंपनीनेच तुम्हांला आधी देऊन टाकलेला असतो. तुमच्या हाती उरतात ते थोडे टक्के. इतकेच नव्हे, सगळ्या गाभ्यांना एकच ठोका ठरवून दिला, तर एकटा गाभा काम करत असताना तो जो शिखरवेग गाठायचा, तो उलट कमी झालेलाही आढळतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दहा टक्क्यांसाठी रात्र जागवायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मला विचाराल तर वेगासाठी म्हणून हा खटाटोप फारसा परवडत नाही. प्रयोग म्हणून मात्र तो अतिशय सुंदर आहे.

उष्णतेचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. एक धारित्र विद्युतघटाला जोडून भारित केले, तर घटाने दिलेल्या ऊर्जेपैकी निम्मी धारित्रात साठते आणि निम्मी रोधात उष्णता होऊन जाते. धारित्र रिकामे केले की साठलेली निम्मीही उष्णता होते. म्हणजे एकदा भरून रिकामे केल्यावर सगळीच ऊर्जा उष्णतेत गेली. ही ऊर्जा धारिता आणि विद्युतदाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतकी असते. सेकंदाला जितक्या वेळा हे घडेल, तितक्या पटीने उष्णता. म्हणून,

शक्ती = धारिता × (विद्युतदाब)² × वारंवारता

प्रोसेसरच्या बाबतीत या सूत्राला थोडी पुस्ती जोडावी लागते, कारण बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही थोडा प्रवाह गळतो आणि तापमान वाढले की ही गळती वाढते. पण आपल्या हिशेबाला एवढे सूत्र पुरे.

समजा, तुमचा प्रोसेसर ४ गिगाहर्ट्‌झवर, १.२० व्होल्टवर, पूर्ण भाराखाली १०० वॅट शक्ती घेतो. त्यावरची हीटसिंक आणि पंखा यांचा औष्णिक रोध वॅटमागे ०.४ अंश आहे. म्हणजे दर वॅटला चिप खोलीपेक्षा ०.४ अंशाने गरम होते. १०० वॅटला ४० अंश. खोली २५ अंशांवर असेल तर चिप ६५ अंशांवर. छान.

आता ठोका १० टक्के वाढवून ४.४ गिगाहर्ट्‌झ केला आणि विद्युतदाब तोच ठेवला. शक्ती ११० वॅट, चिप खोलीपेक्षा ४४ अंश वर. फरक फक्त ४ अंशांचा. पण समजा एवढ्या दाबावर प्रोसेसर अडखळतो आहे, म्हणून तुम्ही दाबही १० टक्के वाढवून १.३२ व्होल्ट केला. आता १.१ × १.१ × १.१ = १.३३१. शक्ती १३३ वॅट, चिप खोलीपेक्षा ५३ अंश वर. वेग १० टक्के वाढला आणि उष्णता ३३ टक्के!

येथवर सर्व ठीक. पण परदेशी मासिकांतले प्रयोग २०-२५ अंशांच्या खोलीत केलेले असतात. मे महिन्यात दुपारी जळगावच्या एखाद्या घरात खोलीचे तापमान ४० अंश धरायला काहीच हरकत नाही. खोली जितके अंश चढेल, तितकेच अंश चिपही चढते. मूळ वेगावर ८० अंश, नुसता ठोका वाढवल्यावर ८४ आणि दाबही वाढवल्यावर ९३. बऱ्याच प्रोसेसरांत ९५ ते १०० अंशांच्या आसपास आतली संरक्षक यंत्रणा जागी होते आणि ठोका आपोआप खाली आणते. म्हणजे वाढवलेला वेग नेमका दुपारी नाहीसा होतो आणि वापरणाऱ्याला ते कळतही नाही.

जळेल का, या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. केवळ ठोका वाढवल्याने चिप सहसा जळत नाही. ती चुकते, अडकते किंवा बंद पडते. चिपला इजा होते ती दाबाने व उष्णतेने, आणि तीही बहुधा हळूहळू. तारा इतक्या बारीक असतात की त्यांतून दाटीने वाहणारे इलेक्ट्रॉन धातूचे अणूसुद्धा थोडेथोडे ढकलत नेतात. कालांतराने एखाद्या ठिकाणी तार झिजते. जेम्स ब्लॅक या शास्त्रज्ञाने १९६९ साली या झिजेचे समीकरण मांडले. प्रवाहाची घनता वाढली की तारेचे आयुष्य घटते आणि तापमान वाढले की ते फारच झपाट्याने घटते, असे ते समीकरण सांगते. जादा दाबाने ट्रान्झिस्टरमधील निरोधक थरही थकतो.

हे केवळ हौशी मुलांच्या बाबतीत घडते असे नाही. २०२४ साली खुद्द इंटेलने मान्य केले की आपल्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा अधिक विद्युतदाब मिळत होता आणि त्यामुळे ते अस्थिर होत होते. कंपनीने दाबावर लगाम घालणारी दुरुस्ती पाठवली व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेल्या चिपा मात्र त्या दुरुस्तीने बऱ्या होणार नव्हत्या.

मग हे विक्रमवीर काय करतात? २०२२च्या डिसेंबरमध्ये इंटेलच्या एका प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्‌झची मर्यादा ओलांडली. त्यासाठी चिपवर द्रवरूप हेलियम ओतला होता. हेलियम उणे २६९ अंशांना उकळतो! अशी धाव थोडाच वेळ टिकते आणि तिच्यात चिपच्या आयुष्याचा विचार नसतो. आपला त्या वाटेशी संबंध नाही.

न दिसणारी चूक

आता माझी गोष्ट. २००१ साली मी एम.एस्‌सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पुण्यात पेठेतल्या एका वाड्यात पत्र्याच्या छपराखालची खोली भाड्याने घेतली होती आणि तेथे माझा ४५० मेगाहर्ट्‌झवर चालवलेला सेलेरॉन होता. संगणक सुरू होत असे, गाणी वाजत, खेळ चालत. ओव्हरक्लॉकिंग यशस्वी झाले याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

प्रकल्पासाठी मी ग्रहाच्या कक्षेचे गणित करणारी आज्ञावली लिहिली होती. दर पावलाला ग्रहाचे स्थान आणि वेग काढायचे, असे लाखो वेळा. अशा गणितात एक सोपी तपासणी असते. गतिज आणि स्थितिज ऊर्जेची बेरीज कायम राहायला हवी. माझ्या आकड्यांत ती सातव्या अंकापर्यंत कायम होती. पण अधूनमधून एखाद्या पावलाला ती एकदम तिसऱ्या अंकात उडी मारी आणि तेथून पुढे ग्रह भलत्याच कक्षेत फिरू लागे. मी आज्ञावलीतली चूक शोधत बारा दिवस घालवले. त्याआधीच त्या आकड्यांवरून काढलेला एक आलेख मी विभागातल्या चर्चासत्रात दाखवून बसलो होतो आणि कक्षेतील त्या बदलाचे मोठे पांडित्यपूर्ण स्पष्टीकरणही दिले होते.

माझ्या मार्गदर्शक सरांनी कागद पाहिले आणि एवढेच विचारले, "अरे, हीच आज्ञावली दोनदा चालवलीस तर उडी त्याच पावलाला येते का?"

मी चालवून पाहिली. येत नव्हती. सकाळी चालवली तर उडी येतच नसे. दुपारी दोन-तीनदा येई. आज्ञावलीतली चूक दुपार पाहून येत नाही. विभागातल्या जुन्या, सावकाश संगणकावर तीच आज्ञावली रात्रभर चालवली, तेव्हा ऊर्जा जागची हलली नाही. तेव्हा उलगडा झाला. पत्र्याखाली खोली तापली की चिप मंदावे, रांगेतल्या सर्वांत सावकाश माणसाला वेळ पुरत नसे आणि लाखो गुणाकारांतला एखादा चुके. पडद्यावर काहीही दिसत नसे. दोष चिपचा नव्हता. ३०० वर चालण्याचे वचन तिने पाळले होते. मी ठोका पुन्हा ३०० वर आणला, सगळे गणित नव्याने केले आणि पुढच्या चर्चासत्रात उभे राहून आधीचा आलेख चुकीचा असल्याचे सांगितले. ते पाच मिनिटांचे काम होते, पण अजून आठवते.

संगणक बंद पडला, तर ती ओव्हरक्लॉकिंगची सौम्य शिक्षा समजा. तो चुकीचे उत्तर देऊन चालू राहिला तर धोका. तुमच्या भावाचा हिशेब, ताईचा प्रबंध, घरातले जुने फोटो त्याच डिस्कवर असतात. चुकीचा एक अंक फाइलीत लिहिला गेला की तो तेथेच राहतो.

प्रयोगाची वही

एवढे सगळे जाणूनही ज्याला प्रयोग करायचा आहे, त्याने तो जरूर करावा. पद्धत मात्र प्रयोगशाळेतलीच हवी. एका वेळी एकच राशी बदलायची आणि प्रत्येक वाचन वहीत लिहायचे.

प्रथम आपला संगणक या कामाचा आहे का ते पाहा. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांपैकी ज्यांच्या नावात आकड्यांमागे 'के' हे अक्षर येते, त्यांचा गुणक मोकळा असतो आणि त्यांना बहुधा 'झेड' मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीच्या बहुतेक रायझन डेस्कटॉप प्रोसेसरांचा गुणक मोकळा असतो; 'ए' मालिकेचे स्वस्त मदरबोर्ड मात्र ते बदलू देत नाहीत. लॅपटॉपवर हा प्रयोग करू नका. त्यात उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते. अशा वापरात झालेले नुकसान सहसा हमीत धरत नाहीत, हे ज्यांच्या पैशाने संगणक आला त्या घरच्या मोठ्या माणसांना आधी सांगून ठेवा.

डिस्कवरील महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ती डिस्क संगणकापासून काढून ठेवा. कॅबिनेट उघडण्यापूर्वी प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवा आणि हीटसिंकच्या पात्यांतली धूळ मऊ ब्रशाने काढा. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा म्हणजे ते गरागरा फिरणार नाही. थर्मल पेस्ट वाळली असेल तर पुसून नवी लावा. वाटाण्याहून थोडी लहान गोळी पुरते. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही कारणाने उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या धारित्रांत प्राणघातक भार उरलेला असू शकतो. बहुतेक वेळा एवढ्या साफसफाईनेच चिपचे तापमान लक्षात येण्याजोगे उतरते आणि आजचा प्रोसेसर थंड झाला की स्वतःच थोडा वेगात धावतो. काही जणांचा प्रयोग येथेच सुफळ होईल!

आता काहीही न बदलता पहिले वाचन घ्या. खोलीचे तापमान, संगणक रिकामा असतानाचे चिपचे तापमान, अर्धा तास पूर्ण भार दिल्यानंतरचे तापमान, ठोका, विद्युतदाब आणि एखाद्या खऱ्या कामाला लागलेला वेळ, उदाहरणार्थ एखादी चित्रफीत दुसऱ्या स्वरूपात बदलायला. भार देण्यासाठी प्राइम९५ ही आज्ञावली फार उपयोगी आहे. तिचा जन्म गंमतीदार आहे. मर्सेन मूळसंख्या म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळसंख्या. १९९६ साली सुरू झालेला त्यांचा एक सार्वजनिक शोध आहे आणि त्यासाठी ही आज्ञावली लिहिली गेली. तिची चाचणी प्रोसेसरला प्रचंड गुणाकार करायला लावते आणि आलेले उत्तर आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहते. न दिसणारी चूक पकडण्याचा हा मार्ग मला २००१ साली सुचला असता तर बारा दिवस वाचले असते.

मग बायॉसमध्ये जा. तेथे मूळ ठोका, बहुधा १०० मेगाहर्ट्‌झ, आणि गुणक असे दोन आकडे दिसतील. मूळ ठोक्याला हात लावू नका. त्याच्यावर इतर भागही अवलंबून असतात आणि तेही ओढले जातात. माझ्या वेळी मूळ ठोका ८३ वर नेला की डिस्कशी बोलणारी वाहिनी ३३ ऐवजी ४१ मेगाहर्ट्‌झवर धावू लागे आणि फाइली खराब होत. गुणक एकाने वाढवा, ४० चा ४१.

येथे एक फसगत सांभाळा. विद्युतदाब 'ऑटो'वर असेल, तर गुणक वाढवताच बरेच मदरबोर्ड न विचारता दाबही वाढवतात, आणि तोही सढळ हाताने. तुम्हांला वाटते आपण एकच राशी बदलली. प्रत्यक्षात दोन बदललेल्या असतात. तेव्हा भाराखालचा खरा दाब मोजून तो पहिल्या वाचनाशी ताडा आणि तेवढाच हाताने ठरवून द्या. नवशिक्याने तो वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्धा तास भार द्या, वाचने लिहा, चूक नसेल तर पुढची पायरी. चिप ८५ अंशांवर गेली किंवा चाचणीत एकही चूक आली की थांबा आणि एक नव्हे, दोन पायऱ्या मागे या. दुसरी पायरी उन्हाळ्यासाठी. तेथे रात्रभर चाचणी करा आणि मग दुपारी पुन्हा. रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय असते, तीही एक प्रकारचे ओव्हरक्लॉकिंगच आहे. ती याच दिवशी चालू करू नका. दोन्ही एकदम केले तर चूक कोणाची ते कळणार नाही. रॅमसाठी मेमटेस्ट ही वेगळी चाचणी आहे.

संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नका. प्लग काढा, मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल काही मिनिटे काढून परत बसवा. बायॉस मूळ आकड्यांवर येतो.

शेवटी तेच खरे काम पुन्हा करून वेळ मोजा. समजा आधी १०० सेकंद लागत होते आणि त्यांतले ४० सेकंद प्रोसेसर रॅमची वाट पाहत होता. ठोका १० टक्के वाढला तर उरलेल्या ६० चे ५४.५ होतील, वाट पाहण्याचे ४० तसेच राहतील. एकूण ९४.५. दहा टक्के वेग आणि साडेपाच टक्के वेळ वाचला.

आमच्या त्या अकरावीच्या विद्यार्थ्याने हे सर्व केले. ४.३ गिगाहर्ट्‌झवर त्याला पहिली चूक दिसली आणि तो ४.१ वर आला. थोडा हिरमुसला. मग मी त्याला उलटा प्रयोग सुचवला. ठोका मूळचा ४ ठेवायचा आणि विद्युतदाब पायरीपायरीने, ०.०१ व्होल्टने, उतरवत न्यायचा; चाचणी तीच, थांबायचा नियम तोच. दाब १.२० वरून १.१० व्होल्टवर उतरला तर शक्ती १०० वॅटवरून ८४ वर येते आणि ४० अंशांच्या खोलीत चिप ८० ऐवजी ७४ अंशांवर राहते. चिपला इजा होण्याचा प्रश्नच नाही. चूक मात्र येथेही येऊ शकते, म्हणून चाचणी सोडायची नाही.

त्याने दाबाचा वर्ग आडव्या अक्षावर आणि चिप व खोली यांच्या तापमानांतला फरक उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत आले, पण रेषा वाढवल्यावर आरंभबिंदूतून जात नव्हती. का जात नसावी, यावर आमचा पाऊण तास गेला. गळतीचा प्रवाह त्याच्या बरोबर लक्षात आला. मदरबोर्डवरच्या तापमापकाची चूक मला सुचली. त्याच्या वहीत जानेवारी आणि मार्चची वाचने आहेत. मे महिन्याचा रकाना आखून ठेवला आहे.